डावा पीळ

मागणीपत्र आलं तेव्हा डावरी अंगणात वाक विंचरत बसली होती. घायपाताचा वाक, म्हणजे पानातून काढलेला धागा, कडक वाळलेला, म्हाताऱ्याच्या दाढीसारखा पांढरा. खिळ्यांच्या फणीवर आपटायचा, ओढायचा, परत आपटायचा, तो डाव्या हाताने. जन्माची डावखुरी, म्हणून गावाने नाव ठेवलं डावरी. खरं नाव कागदोपत्री उरलं होतं, आणि कागदांचं तिला कधी कौतुक नव्हतं.

थोरल्याने पत्र उघडलं, ओठ हलवत वाचलं आणि मटकन ओट्यावर बसला. उभा माणूस असा बसला की समजावं, कागदात काही तरी उभं राहिलंय.

"किती?" डावरीने विचारलं.

"साठ दोर. तीस-तीस हातांचे. एकवीस दिवसांत."

"सहा म्हण. माझे कान गेलेत."

"साठ, आई."

तिने फणीवरचा वाक तसाच सोडला. दहा महिने सरकारने एक दोर मागितला नव्हता. दहा महिने! बावीस दोर करून माळ्यावर टांगून ठेवले होते, त्यांना उंदीर लागू नये म्हणून सून रोज काठी आपटत होती. आणि आता, गेटांची साफसफाई तोंडावर आल्यावर कालवे खात्याला जाग आली.

खात्याला दोर देणं या घराला नवं नव्हतं. तिचा नवरा, घरचा म्हातारा, होता तेव्हा तीन दरपत्रकांवर काम चालायचं. खात्याला तीन दुकानांचे भाव लागायचे. म्हातारा आपला भाव लिहून न्यायचा, दुसरा चुलतभावाचा, तिसरा पलीकडच्या आळीतल्या दोरवाल्याचा. तो दोरवाला वारला तरी त्याचा शिक्का घरात राहिलेला, त्यामुळे तो पुढची सहा वर्षं भाव पाठवत राहिला, आणि प्रत्येक वेळी यांच्यापेक्षा महाग. "मेल्यावर माणूस हावरट होतो," म्हातारा म्हणायचा. मग निविदा आली. इतके दोर, इतक्या तारखेला, दिले की सुटलात. तेही बरं होतं.

गेल्या वर्षी थोरल्याने सही केली ती दर करारावर. भाव वर्षभरासाठी पक्का. दोर किती, कधी, ते खात्याच्या मर्जीवर. कागदावर शब्द होता, 'लागेल तसे'.

"म्हणजे लग्न ठरलं," डावरी तेव्हाच म्हणाली होती, "पण मुहूर्त सांगणार नाहीत, वऱ्हाड किती तेही सांगणार नाहीत. चूल मात्र तुम्ही वर्षभर पेटती ठेवा."

"अगं, वर्षभराची हमी आहे."

"कुणाला? त्यांना की आपल्याला?"

थोरल्याने तेव्हा सहीचं पेन खिशात घातलं होतं. आज उत्तर सुचलं असावं, कारण तो तिच्याकडे बघत नव्हता.

भीती साठ दोरांची नव्हती. भीती दोरवाटेची होती. कालव्याच्या काठाने शंभर पावलांची सरळ, सपाट पट्टी. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला खुंट. चार पिढ्यांनी उलटं चालून चालून ती जमीन दगडासारखी केली होती. पण पट्टी खात्याची. 'पुरवठादार असेपर्यंत वापरावी,' एवढ्या एका ओळीवर घर उभं होतं. दोर वळायला शंभर पावलांची जागा लागते, ती घराच्या ओसरीत मावत नाही. पुरवठादारांच्या यादीतून नाव गेलं की पट्टी गेली. पट्टी गेली की चाक सरपणात.

"उठा," डावरी म्हणाली. "बसून दोर लांबत नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिघं वाटेवर होती. सून चाकावर. थोरला खुंटाकडे. डावरीने कमरेला वाकाचा बिंडा बांधला, चाकाच्या आकड्यात चार तंतू अडकवले आणि उलट्या पावलांनी निघाली. सून चाक फिरवते, पीळ धावत येतो, आणि मागे जाणाऱ्या माणसाने चिमटीतून सारखा वाक सोडायचा. जाड नाही, बारीक नाही. पाय मागे, नजर पुढे. चिमूट उजव्या हाताची.

डावा हात तिने पाठीशी धरला होता. ही सासऱ्याची शिस्त. नवी नवरी म्हणून आली तेव्हा वाटेवर पहिल्याच दिवशी तिने डाव्या हाताने वाक सोडायला घेतला, आणि सासऱ्याने हातातली काठी तिच्या मनगटावर ठेवली. मारली नाही, ठेवली. "डावा हात कमरेमागे. या वाटेवर उजवाच पीळ चालतो." पहिलं वर्षभर सासूने तो हात चिंधीने कमरेला बांधून ठेवला. पुढे चिंधी सुटली, हात सुटला नाही. बाकी जगात डावरी, वाटेवर उजवी.

अकरा दिवस. ऊन असं की कालव्याचं पाणी उकळायला ठेवल्यासारखं दिसायचं. तीन पदर एकत्र वळताना थोरला तीन खाचांचा लाकडी भोवरा दोन्ही हातांनी धरून पुढे सरकायचा, आणि भोवरा त्याचे तळवे सोलून काढायचा. सुनेच्या दंडात गोळे आले. तिसऱ्या दिवसापासून ती जेवताना घास डाव्या हाताने उचलायला लागली, तेव्हा डावरी म्हणाली, "बघ, घराण्याला लागलीस."

सून हसली. त्या अकरा दिवसांत घरात तेवढंच हसू झालं.

बाराव्या दिवशी टेम्पोत माळ्यावरचे बावीस आणि नवे अडतीस, असे साठ दोर घालून तिघं खात्याच्या भांडारात गेली. भांडार म्हणजे पत्र्याची लांब खोली, फावडी, घमेली, गंजलेल्या साखळ्या, आणि टोकाला टेबल. टेबलामागे भांडारपाल. बुटका माणूस, दोन चष्मे, एक डोळ्यांवर, एक कपाळावर. त्याने पाठीमागच्या फडताळातून काचेची बरणी काढली. तोंडाला लाल लाखेची मोहोर. आत दोन हातांचा दोराचा तुकडा वेटोळं करून ठेवलेला.

"हे काय, लोणचं?" डावरीने विचारलं.

"नमुना," भांडारपाल म्हणाला. "तुमचाच. करार करताना दिलेला. माल नमुन्याशी तंतोतंत जुळला पाहिजे."

त्याने एक दोर उचलला, बरणीच्या काचेला लावला. कपाळावरचा चष्मा खाली आला. मग डोळ्यांवरचा वर गेला. मग त्याने दोर बरणीला दुसऱ्या अंगाने लावून पाहिला.

आणि डावरीला आठवलं.

गेल्या वर्षी कराराची सही व्हायची होती त्या दिवशी थोरला धावत घरी आला होता. आत्ता नमुना पाहिजे, साहेब अकराला निघून जातात. सून माहेरी. चाक फिरवायला माणूस नाही. डावरीने पदर खोचला, उंबऱ्यावर बसली आणि लहानपणी आई शिकवायची तसा दोन हातांचा तुकडा मांडीवरच वळून दिला. मांडी डावी, तळवा डावा. थोरला दाराबाहेर पडला तेव्हाच तिच्या ध्यानात आलं होतं, पीळ उलटा पडला. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोन हातांचा तुकडा, म्हटलं, कोण बघतंय.

"पीळ उलटा आहे," भांडारपाल म्हणाला.

"उलटा कसा?" थोरला पुढे झाला.

"बघा ना. बरणीतला या अंगाला चढतो, तुमचा त्या अंगाला. साठच्या साठ. माल परत."

"साहेब, दोर तोच, वाक तोच..."

"मी वाक बघत नाही, नमुना बघतो. नऊ दिवस राहिलेत. जुळता माल आला नाही तर खातं दुसरीकडून घेईल आणि तुमचं नाव यादीतून जाईल. पट्टीही सोडावी लागेल." तो वाईट माणूस नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "नमुन्यासारखे करून आणा ना. तुमच्या हातचं काम आहे. कागद जुळला की कुणाचीच कटकट नाही."

थोरला वळला तो बायकोकडे. "चाक उलटं फिरवलंस?"

"चाकाला कुत्रं आहे," सून म्हणाली. चाकाच्या दात्यांत अडकणारी लाकडी पाचर, तिला सगळे कुत्रं म्हणत. "उलटं फिरवलं तर अडकतं. मी कसं फिरवणार?"

"मग एवढे साठ आपोआप उलटे झाले? अकरा दिवस डोळे कुठे होते तुझे?"

टेबलाशी दोन हमाल उभे होते, एक चपराशी होता. सगळ्यांसमोर. सून मान खाली घालून आपल्या दंडावरचे गोळे चोळत राहिली. डावरीच्या जिभेला घरात सगळे भीत, शेजारपाजार भीत, कुत्री भीत. त्या दिवशी ती जीभ टाळूला चिकटली. डावरी टेम्पोत बसली, घर येईपर्यंत बसून राहिली.

घरी सून जेवली नाही. डावरीही जेवली नाही, पण तिने ते कुणाला दिसू दिलं नाही, ताट कोंबड्यांपुढे ओतलं.

सकाळी ती म्हणाली, "चाकाचं कुत्रं काढा."

थोरल्याने पाचर उपसली. सुनेने चाक उलटं फिरवलं. ते कुरकुरलं, म्हाताऱ्या माणसाला उलटं झोपायला सांगितल्यासारखं, पण फिरलं. आता वाक सोडायचा प्रश्न. थोरल्याने उजव्या चिमटीने सोडून पाहिला. पीळ उलट्या अंगाने येतोय, आणि चिमूट आपली जुन्या सवयीने त्याला सोडवतेय. दहा पावलांत धागा केसाळ झाला आणि तुटला. सुनेनेही सोडून पाहिला. तिचाही तुटला.

डावरीने कमरेला बिंडा बांधला. पाठीशी ठेवलेला डावा हात पुढे आणला. बेचाळीस वर्षांनी.

आणि काय सांगावं. हात जणू वाट बघत होता. वाक बोटांतून पाण्यासारखा सुटला. जाड नाही, बारीक नाही, एक केस बाहेर नाही. डावरी मागे मागे जात राहिली, पन्नास पावलं, सत्तर, शंभर, खुंटाला पाठ टेकली तरी धागा अखंड. थोरला तोंड उघडं टाकून बघत होता.

"आई, एवढा सरळ..."

"तोंड मिट. माशी जाईल."

पण तिच्या छातीत काही तरी उडत होतं. चार दिवसांत अठ्ठावीस दोर झाले. उजव्या हाताने आयुष्यभर वळले त्यांच्यापेक्षा घट्ट, गुळगुळीत, हातात घेतले तर सापासारखे जड. संध्याकाळी ती एकेका दोरावरून डावा तळवा फिरवायची. सासऱ्याने पाहायला हवं होतं, असं तिच्या मनात येई, आणि लगेच मनात येई, बरं झालं नाही पाहिलं. का, ते तिला आठवत नव्हतं. काही तरी होतं. सासरा नुसत्या हट्टाने कुणाच्या मनगटावर काठी ठेवणारा नव्हता.

त्या चारांतल्या तिसऱ्या दिवशी वाक पुढे करता करता सून हळूच म्हणाली, "आत्या, नमुना तुम्ही केला होता ना?"

"वाक दे."

"ते मला बोलले, सगळ्यांदेखत..."

"वाक दे म्हटलं ना."

सुनेने वाक दिला. डावरीने तो घेतला, पण त्या फेरीत धागा दोनदा तुटला.

पाचव्या दिवशी सकाळी जावई आला. डावरीच्या एकुलत्या लेकीचा नवरा, खात्यात गेटवाला. कालव्याच्या मोठ्या गेटाखाली चाळीस हात खोल खड्डा, त्यात गाळ साचतो, तो काढायला वर्षातून एकदा माणूस उतरतो. तो माणूस हा. उंच, हडकुळा, बोलताना सारखा कान खाजवणारा. डावरी त्याला तोंडावर जावईबापू म्हणायची आणि मागे काटकी.

"आई, दोर बघायला आलो," तो म्हणाला आणि एक दोर उचलून अंगठ्याने दाबला. "वा! हा दोर आहे. जीव टांगायला असा दोर पाहिजे."

"टांगायला म्हणजे?"

"परवाच खाली उतरायचंय. जुना दोर पंचवीस हातांचाच राहिलाय, वरचा भाग कुजला म्हणून कापला. मोठे साहेब म्हणाले, नवे दोर आले की जुन्याला जोडा. वरती नवा, खाली जुना. मधे गाठ."

"जुना दोर कुणाच्या हातचा?"

"तुमच्याच. मामंजींच्या वेळचा. उजवा, घट्ट पिळाचा, अजून..."

पुढचं डावरीने ऐकलं नाही. सासऱ्याचा आवाज बेचाळीस वर्षांनी जसाच्या तसा कानात आला. काठी मनगटावर ठेवताना तो आणखी एक वाक्य बोलला होता, आणि ती अपमानात ते ऐकायचं विसरली होती. डाव्याला उजवा बांधू नये पोरी, दोघं एकमेकांना उसवतात.

"थोरल्या," ती म्हणाली, "वाळूचं पोतं भर."

"आता? अजून बत्तीस दोर..."

"भर म्हणते ना!"

कालव्याकाठी जुनं झाड होतं, त्याची आडवी फांदी माणसाच्या मांडीएवढी. तिने डावा दोर फांदीला बांधला. माळ्यावरून म्हाताऱ्याच्या वेळचा एक जुना उजवा दोर आणला आणि डाव्याच्या टोकाला तिच्या हाताने गाठ मारली, गेटवाले मारतात तीच, दुहेरी. खाली पोतं.

"तुमची बसायची फळी खाली जाताना फिरते का हो?" तिने जावयाला विचारलं.

"नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी खाच आहे, त्यात सरकते. फिरायला जागाच नाही."

"मग पोतं धरा दोघांनी. फिरू देऊ नका. नुसतं लटकू द्या."

थोरला आणि जावई पोत्याच्या दोन्ही कानांना धरून उभे राहिले. पोत्याचं वजन दोरावर आलं. थोडा वेळ काही झालं नाही. थोरला म्हणाला, "काही नाही, आई, धरलाय की..."

मग गाठ हलली. मधोमध, हवेत, कुणी हात न लावता ती गाठ हळूच वळली. एक वेढा. दोन. मग गरगर फिरायला लागली, आणि वरच्या दोराचा पीळ सुटत गेला, खालच्याचाही सुटत गेला. तीन पदर एकमेकांपासून लांब झाले, जशी भांडणात माणसं होतात. पदरांतून वाक बाहेर आला. एक पदर तुटल्याचा आवाज झाला, कोरडा, काटकी मोडल्यासारखा. थोरल्याने पोतं सोडलं. पोतं आदळलं, फुटलं, वाळू सगळ्यांच्या पायांवर.

जावयाने कान खाजवायला हात वर नेला आणि तो तिथेच ठेवला. त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

"चाळीस हात," तो शेवटी म्हणाला. "खाली लोखंडी दात आहेत."

"माहीत आहे," डावरी म्हणाली. तिने झाडाला पाठ लावली. माझ्याच हाताने, तिच्या मनात येत होतं. एवढ्या लाडाने, एवढ्या सफाईने, माझ्याच हाताने लेकीचं कुंकू उसवायला निघाले होते.

थोरला वाळूतून पाय काढत म्हणाला, "आपण खात्याला सांगू, जुन्याला जोडू नका म्हणून. दोर नमुन्याप्रमाणे देऊ आणि तोंडी सांगू. कागद जुळेल."

"तोंडी सांगशील कुणाला? परवा जावईबापू उतरतील, पुढच्या वर्षी आणखी कुणी. त्याला कोण सांगेल? बरणी?"

"मग काय करायचं? उजवे घेत नाहीत, डावे द्यायचे नाहीत. पट्टी घालवायची?" त्याचा आवाज चिरकला. "आणि हे सगळं झालं कशामुळे? हिने जर चाक..."

"तिचं नाव घेऊ नको." डावरीने डोळे मिटून घेतले. उघडले असते तर बोलता आलं नसतं. "चाकात काही नव्हतं. नमुना मी वळला. मांडीवर, या हाताने. उलटा पडला ते मला तेव्हाच दिसलं होतं. भांडारातही दिसलं. सुनेला तू चारचौघांत बोललास आणि मी गप्प बसले."

सून वाकली आणि सांडलेली वाळू ओंजळीने परत पोत्यात भरायला लागली, फुटक्या पोत्यात, एका बाजूने भरते, दुसऱ्या बाजूने जाते.

"राहू दे गं," डावरी म्हणाली.

"असू दे, आत्या," सून म्हणाली. तिचा आवाज ओला होता की कोरडा, ते डावरीला कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी डावरी ते पहिले साठ दोर परत टेम्पोत घालून खात्यात गेली. मोठ्या साहेबांच्या खोलीत पंखा होता, पण वारा साहेबांपुरता. एका बाजूला भांडारपाल बरणी घेऊन उभा, एका बाजूला कारकून कागद घेऊन बसलेला. जावयाने आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. डावरीने बरोबर आणलेले दोराचे उसवलेले पदर टेबलावर ठेवले. साहेबांनी ते बोटाच्या टोकाने हलवले, मेलेला उंदीर हलवावा तसे.

"म्हणजे तुमचे पहिले साठ दोर बरोबर होते."

"होय."

"आणि नमुना चुकीचा."

"होय."

"अवघड आहे," साहेब म्हणाले. "नमुना बदलता येतो. पण मूळ नमुना सदोष होता असं पुरवठादाराने लिहून दिलं तरच. आणि सदोष नमुना देणाऱ्याचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत घेता येत नाही. नियम आहे. हा करार संपेपर्यंत माल घेऊ. त्यानंतर पट्टी परत घ्यायचं वरच्या ऑफिसला लिहावं लागेल."

"किती दिवस राहिले करार संपायला?"

"दीड महिना."

डावरीच्या कानांत चाक कुरकुरलं. दीड महिना. शंभर पावलं, चार पिढ्या, दीड महिना.

भांडारपाल तिच्याजवळ वाकला आणि कुजबुजला, "आजी, अजून विचार करा. कागदाला डावे दोर चालतात."

"कागद खाली उतरतो का?" डावरीने विचारलं.

तो बाजूला झाला.

कारकुनाने लिहिलं आणि वाचून दाखवलं. "...पुरवठादाराने दिलेला नमुना सदोष होता."

"सदोष म्हणजे?"

"खोट असलेला."

"दोरात खोट नाही. असा दोर तुमच्या भांडारात दुसरा नाही. उलटा आहे. उलटा लिही."

"उलटा असा शब्द फॉर्मात नाही, आजी."

"मग फॉर्म चुकलाय. तोही लिहून दे कुणाकडून तरी."

साहेब खोकले. हसले असतील, पण खोकल्यातच ठेवलं. कारकुनाने 'सदोष' तसंच राहू दिलं. करार घराच्या नावावर, आणि घर डावरीच्या नावावर, म्हणून सही तिची. तिने पेन उजव्या हातात धरलं. शाळेत दीड वर्ष गेली होती, पट्टी खाऊन खाऊन उजव्या हाताने नाव लिहायला शिकली होती, आणि त्या चार अक्षरांचा तिला माज होता. तिने नाव लिहिलं, वाकडं, मोठं, पूर्ण.

"अंगठाही लागेल," कारकून म्हणाला आणि शाईची डबी पुढे केली.

तिने उजवा अंगठा पुढे केला.

"तो नाही. डावा."

बापाने नको म्हटलेला, मास्तरांनी पट्टीने सुजवलेला, सासूने चिंधीने बांधलेला हात. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी तो मागून घेत होतं, आणि तोही कशासाठी? चुकला म्हणून सांगायला. तिने तो पुढे केला. शाई थंड होती. कागदावर अंगठा टेकला आणि सरकला, ठसा फराटला.

"परत," कारकून म्हणाला.

दुसऱ्यांदा नीट उमटला. गोल गोल रेषा, आत आत जाणाऱ्या.

भांडारपालाने लाख फोडली, बरणी उघडली, जुना तुकडा काढून टोपलीत टाकला आणि साठांतल्या एका दोराचा दोन हातांचा तुकडा कापून आत घातला. लाख वितळवली. मोहोर मारली. डावरी दारातून बाहेर पडताना टोपलीपाशी थांबली, वाकली, तुकडा उचलला आणि कमरेला खोचला. कुणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेट उघडं होतं. जावई खाली जाणार होता. वर नवा उजवा दोर, खाली जुना उजवा, मधे दुहेरी गाठ. दोर सोडायला चार माणसं होती, खात्याची. डावरीला तिथे काही काम नव्हतं, तरी ती खड्ड्याच्या कठड्याशी उभी होती. लेक आली नव्हती. ती कधीच येत नाही, दर वर्षी या दिवशी घरी दार लावून बसते.

"आई, बाजूला व्हा," जावई फळीवर बसता बसता म्हणाला. "तुमची सावली पडते."

"पडू दे. दोन हिसके द्या खाली पोचल्यावर."

"देतो."

"विसराल."

"नाही विसरत."

दोर सुटायला लागला. फळी खाचेत खरखरत खाली गेली, डोकं दिसत होतं, मग नुसते केस, मग काळोख. डावरीची नजर गाठीवर होती. गाठ कठड्यावरून सरकली, खड्ड्यात गेली. तिने विचारलं-बिचारलं नाही, नुसता हात पुढे केला आणि चार माणसांच्या हातांपुढे दोराला लावला. डावा हात. दोर तळव्याखालून घासत जात होता. वजन आलं, गेलं, आलं. तळवा सांगत होता, पीळ बसलेला आहे. पण तळवा आयुष्यभर तिच्याशी खोटं बोलला असेल तर? सून केव्हा तरी मागे येऊन उभी राहिली होती, तिने सासूचा पदर मुठीत धरला होता, लहान मूल धरतं तसा, किंवा पडणाऱ्याला धरतात तसा.

दोर थांबला. माणसं थांबली. खालून आवाज नाही.

"विसरला मेला," डावरी पुटपुटली.

मग तळव्याखाली एक हिसका आला.

ती थांबली. सगळे थांबले. कठड्यापाशी उभ्या चपराशाने विडी पेटवली, तिची काडी विझली, दुसरी पेटवली.

दुसरा आला.